पहिल्यांदा वीज देताना



मी मोहालीहून बोलतोय. चंदीगडला लागूनच असलेलं हे गाव. सरकारी कागदावर त्याचं नाव साहिबजादा अजितसिंग नगर, पण रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे मोहालीच म्हणतात. मी मूळचा संगमनेरचा. १९९४ साली नोकरीसाठी इथे आलो. 'दोन वर्षांत परत येतो' असं आईला सांगून निघालो होतो. ती दोन वर्षं अजून चालूच आहेत.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी अवकाशशास्त्रज्ञ नाही. इस्रोत मी कधी काम केलेलं नाही. माझं सगळं आयुष्य इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या कारखान्यांत गेलं, आणि तिथे माझं काम एकच होतं: नवीन बनवलेल्या वस्तूला पहिल्यांदा वीज द्यायची आणि काय होतं ते बघायचं. याला आम्ही टेस्टिंग म्हणतो. मग आज मी एका अवकाशयानाबद्दल का बोलतोय? कारण त्या यानाच्या पहिल्या सोळा दिवसांत मला माझंच काम दिसलं. आणि त्याच दिवसांत माझ्या मुलीने मला एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तरही मला तिथेच सापडलं.

तारीख ३० डिसेंबर २०२४, सोमवार. मोहालीत त्या दिवसांत धुकं असं असतं, की समोरच्या घराचं फाटक दिसत नाही. आम्ही दोघं हीटर लावून, रजई गुंडाळून टीव्हीसमोर बसलो होतो. श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६० उडणार होतं. वेळ होती ९ वाजून ५८ मिनिटांची. ती दोन मिनिटांनी पुढे ढकलली, कारण वर आधीच फिरत असलेल्या दुसऱ्या उपग्रहांच्या वाटेत येण्याची शक्यता होती. ही म्हणाली, "दोन मिनिटांनी काय फरक पडतो?" मी म्हटलं, "दोन मिनिटांत तिथली वस्तू नऊशे किलोमीटर पुढे जाते."

रॉकेट १० वाजता उडालं. त्यात स्पेडेक्स मोहिमेचे दोन जुळे उपग्रह होते. प्रत्येकी २२० किलो वजनाचे. एकाचं नाव चेसर, म्हणजे पाठलाग करणारा. दुसऱ्याचं टार्गेट, म्हणजे ज्याला गाठायचं तो. काम एकच: दोघांनी अवकाशात एकमेकांना गाठायचं आणि जोडून घ्यायचं. याला डॉकिंग म्हणतात. उद्या आपलं स्वतःचं अवकाशस्थानक बांधायचं असेल, चंद्रावरचे दगड पृथ्वीवर आणायचे असतील, तर हे यायलाच हवं. त्याआधी ते फक्त अमेरिका, रशिया आणि चीन यांना जमलं होतं.

हे यान तंत्र तपासण्यासाठी होतं. त्याच्यावर कुणाचं टीव्ही चॅनेल चालणार नव्हतं, कुणाला हवामानाचा अंदाज मिळणार नव्हता. 'हे आपल्याला जमतं का?' एवढंच बघायला ते वर गेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जरा वर काय घडत होतं ते बघू. उड्डाणानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी दोन्ही उपग्रह रॉकेटपासून सुटे झाले. जमिनीपासून ४७५ किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने. माझ्या घरापासून चंदीगडच्या सेक्टर १७ ला जायला मला अर्धा तास लागतो. ते अंतर हे उपग्रह दीड सेकंदाच्या आत कापतात. एवढ्या वेगात त्यांनी एकमेकांना हात लावायचा, आणि तो कसा? सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर एवढ्या सावकाश. तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? दोन गाड्या हायवेवर शंभरच्या वेगाने शेजारी शेजारी चालल्या असतील, तर एका गाडीतला माणूस दुसऱ्याला पाण्याची बाटली देऊ शकतो. तसंच. महत्त्व एकमेकांमधल्या वेगाला आहे.

पण गाडीची उपमा इथपर्यंतच चालते. गाडीत पुढच्याला गाठायचं तर वेग वाढवायचा. कक्षेत तसं केलं तर गंमत होते. तुम्ही पुढे ढकललं की यान वरच्या कक्षेत चढतं, आणि वरची कक्षा मोठी आणि संथ असल्यामुळे तुम्ही मागेच पडता. पुढच्याला गाठायचं असेल तर आधी थोडा वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं, तिथे फेरी लवकर होते, आणि मग वर यायचं. १९६५ साली जेमिनी-४ यानात बसून अमेरिकेच्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या भागाजवळ जायचा प्रयत्न केला होता. ते त्याच्या दिशेने थ्रस्टर मारत राहिले, आणि तो लांब जात राहिला. शेवटी इंधन संपत आलं म्हणून नाद सोडावा लागला. कसलेला वैमानिक होता तो, पण कक्षेत अंगवळणी पडलेल्या सवयीच आड येतात.

म्हणूनच स्पेडेक्समध्ये सगळं पायरीपायरीने ठरवलेलं होतं. आधी सौर पॅनेल उघडले का, ते बघायचं. ते त्याच रात्री उघडले. मग प्रत्येक यंत्राची तब्येत तपासायची. दोघांमधलं अंतर आधी दहा-वीस किलोमीटर होऊ द्यायचं, मग ते लांब जाणं थांबवायचं. त्यानंतर पाच किलोमीटर, दीड किलोमीटर, पाचशे मीटर, सव्वादोनशे मीटर, पंधरा मीटर, तीन मीटर. प्रत्येक पायरीवर थांबायचं, बघायचं, आणि मगच पुढची पायरी. अंतर मोजायला लेझरची उपकरणं, कॅमेरे, उपग्रहांनी एकमेकांशी बोलायचा रेडिओ, सगळं होतं. आणि हे सगळंच पहिल्यांदा वापरलं जात होतं. आणखी एक गोष्ट. उपग्रह सतत आपल्या नजरेत नसतो. एखाद्या ठाण्यावरून तो काही मिनिटं दिसतो आणि क्षितिजाखाली जातो. मधल्या काळात तो काय करतोय, हे पुन्हा दिसल्यावरच कळतं.

डॉकिंगची तारीख जाहीर झाली, ७ जानेवारी. सगळीकडे बातम्या. आणि आदल्या दिवशी इस्रोने कळवलं की मोहीम मध्येच सोडून द्यावी लागण्याची एक शक्यता लक्षात आली आहे, ती आधी जमिनीवर तपासून बघायची आहे. नवी तारीख ९ जानेवारी. मग ८ तारखेला संध्याकाळी दुसरी सूचना: सव्वादोनशे मीटरवर यायच्या हालचालीत, उपग्रह नजरेआड होते त्या काळानंतर, ते अपेक्षेपेक्षा जास्त सरकलेले आढळले. डॉकिंग पुन्हा पुढे. उपग्रह सुरक्षित आहेत.

मग काय, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विनोद सुरू झाले. 'दोघांची पत्रिका जुळत नाही वाटतं.' 'मुहूर्त काढला नव्हता का?' शेजारच्या बीबीजी मला सकाळी गॅलरीतून विचारायच्या, "भाईसाब, जुड गये?" मी म्हणायचो, "अजे नहीं जी." त्यांची काळजी खरी होती, ग्रुपवरच्या लोकांची नव्हती.

मला मात्र या सूचना वाचून बरं वाटत होतं. का, ते सांगायला मला १९९६ सालात जावं लागेल.

मी तेव्हा इथल्या एका छोट्या कारखान्यात होतो. नाव सांगत नाही. मशीनचे कंट्रोलर बनवायचो. माझे वरिष्ठ एक सरदारजी होते, आम्ही सगळे त्यांना उस्तादजी म्हणायचो. ते मला 'काका' म्हणायचे. मी सव्वीस वर्षांचा, आणि साठीचा माणूस मला काका म्हणतो! पहिले दोन महिने मला वाटायचं, थट्टा करतात. मग कळलं, पंजाबीत काका म्हणजे लहान पोरगा.

नवीन बोर्डाला पहिल्यांदा वीज देताना आम्ही सिरीज बल्ब वापरायचो. तुमच्यापैकी ज्यांनी कधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा पाहिला असेल, त्यांना माहीत असेल. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा बल्ब, आणि वीज त्या बल्बमधून बोर्डाला जाते. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, सगळा मार आपल्या अंगावर घेतो, आणि बोर्ड वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. मग तो काढून टाकायचा आणि सरळ वीज द्यायची. दोन रुपयांची युक्ती आहे, पण त्याच्याइतकं शहाणं यंत्र मी पुढे कधी पाहिलं नाही.

त्या दिवशी अकरा बोर्ड पाठवायचे होते. टेम्पो दारात उभा. पहिले तीन मी बल्बवर तपासले. तिन्ही ठीक. मला वाटलं, सगळे एकाच हातचे आहेत, उरलेले आठ एकदमच लावू. टेबलावर मांडले, सरळ वीज दिली. दोन सेकंद काही झालं नाही. मग फटाके लागावेत तसे आवाज, आणि तो वास. जळलेल्या कपॅसिटरचा वास ज्याने घेतलाय, तो कधी विसरत नाही. पाच बोर्डांमध्ये रेक्टिफायर उलटा बसला होता. पाचही गेले.

उस्तादजी आले. बघितलं. ओरडले नाहीत. बल्बची फळी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "काका, पहलां वेख, फेर चला." आधी बघ, मग चालव. त्या महिन्याच्या पगारातून काही कापलं गेलं नाही, पण टेम्पो रिकामा परत गेला, तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

तर इस्रो जेव्हा म्हणत होती, 'थांबलो आहोत, उपग्रह सुरक्षित आहेत', तेव्हा मला तो बल्ब मंद होताना दिसत होता.

आता माझ्या मुलीची गोष्ट. ती पुण्यात एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर आहे. बापाचाच धंदा. ८ जानेवारीलाच रात्री तिचा फोन आला. चाळीस कंट्रोलर पाठवायचे होते. त्यातल्या एकावर तपासणीत तापमानाचं रीडिंग एकदा अचानक उडालं आणि लगेच खाली आलं. परत काही झालं नाही.

मी विचारलं, "मग काय केलंस?"

"सही केली नाही, बाबा."

"बरं."

"बरं काय? इथे सगळे माझ्यावर चिडलेत."

तिने चार दिवस मागून घेतले. ते चाळीसही कंट्रोलर पुन्हा गरम केले, थंड केले, हलवले, ठोकले. काही सापडलं नाही. १३ तारखेला, सोमवारी, माल गेला. आणि मीटिंगमध्ये तिला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "चार दिवस घालवलेस, त्यातून निघालं काय?" त्या रात्री इथे लोहडी होती. खाली शेकोटी पेटवलेली, रेवड्या-शेंगदाणे वाटणं चाललेलं, ढोल वाजत होता. मी फोन घेऊन जिन्यात बसलो. ती म्हणाली, "बाबा, काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं. आता मला सांगा, माझं चुकलं का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. माझ्या चुकीत पाच बोर्ड जळाले होते, म्हणून बल्ब का हवा हे सिद्ध करायला मला काही करावं लागलं नाही. तिच्या बाबतीत बल्ब मंदच राहिला होता. ज्याचा बल्ब पेटतो त्याला सगळे शहाणा म्हणतात. ज्याचा पेटत नाही, त्याला म्हणतात, वेळ घालवला.

मी तिला आदल्याच दिवसाची बातमी सांगितली. १२ जानेवारी, रविवार. इस्रोने दोन्ही उपग्रह पंधरा मीटरवर आणले. मग तीन मीटरवर. तीन मीटर म्हणजे आपली बैठकीची खोली. हा सोफा आणि तो टीव्ही. आणि तिथून त्यांना परत मागे नेलं! मिळालेली माहिती नीट बघू, मग जोडू, असं सांगितलं. आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, हातातोंडाशी आलेला घास सोडला. पण विचार करा, तीन मीटरवरून सुखरूप मागे येता येतं, हे तोपर्यंत कुणाला ठाऊक होतं? ते यान बघायलाच तर गेलं होतं. मागे येता येणं हीसुद्धा त्या परीक्षेतली एक पायरीच होती.

तिला हे सांगितलं, आणि तिने लगेच मला पकडलं. पोरगी हुशार आहे. म्हणाली, "म्हणजे थांबणं नेहमीच बरोबर? मग मी कुठलाच माल कधी सोडणार नाही."

बरोबर बोलली. मंडळी, मी असेही टेस्टर पाहिलेत, जे भीतीपोटी थांबतात. सही करायची जबाबदारी नको म्हणून फाईल दाबून बसतात. त्यांच्या थांबण्यात आणि या थांबण्यात फरक काय? मी त्या रात्री इस्रोच्या सूचना पुन्हा वाचल्या. प्रत्येक सूचनेत तीन गोष्टी होत्या. का थांबलो. वस्तू आत्ता सुरक्षित आहे का. आणि पुढे काय बघणार. भीतीने थांबलेला माणूस यातलं काहीच सांगू शकत नाही. मी मुलीला विचारलं, "तू रजिस्टरमध्ये काय लिहिलं होतंस?" तिने वाचून दाखवलं: कुठलं रीडिंग, किती वाजता, कुठल्या चाचण्या करणार, किती तास, आणि त्यात काही निघालं नाही तर माल सोडणार. मी म्हटलं, "मग झालं. काही निघालं नाही आणि तू माल सोडलास. तुझं थांबणं खरं होतं."

१६ जानेवारी, गुरुवार. संक्रांतीला दोन दिवस झाले होते, घरात तिळगुळाचा डबा अजून भरलेला. पहाटे डॉकिंग झालं. आधी पंधरा मीटर, मग तीन मीटर, तिथे थांबून पाहिलं, आणि मग जोडणी. त्याच आठवड्यात एस. सोमनाथ यांच्याकडून व्ही. नारायणन यांनी इस्रोचं अध्यक्षपद हाती घेतलं होतं. माणूस बदलला, पायऱ्या बदलल्या नाहीत. सकाळी बीबीजींना गॅलरीतून ओरडून सांगितलं, "बीबीजी, जुड गये!" त्यांनी तिथूनच हात जोडले.

सुरुवातीचे दिवस नेहमी असे गोड होत नाहीत, हेही सांगायला हवं. त्याच महिन्यात, २९ जानेवारीला, एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह गेला. रॉकेटने त्याला बरोबर सोडलं. सौर पॅनेल उघडले. पण कक्षा उंचावण्यासाठी ऑक्सिडायझर आत सोडणारे व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत, आणि तो ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट, १९७५ सालचा, त्याच्याही प्रयोगांची वीज पहिल्या आठवड्यातच गेली होती. वर गेल्यावर सोल्डरिंग गन घेऊन मागे जाता येत नाही. म्हणून तर पहिले दिवस एवढे जपायचे.

आता तुम्ही म्हणाल, यात मोहाली कुठे आली? आली आहे, आणि बरोबर मध्ये आली आहे.

त्याच रॉकेटचा चौथा टप्पा काम संपल्यावर फेकून दिला नाही. त्याला साडेतीनशे किलोमीटरच्या कक्षेत आणून प्रयोगशाळा केलं. नाव पोएम-४. त्यावर २४ प्रयोग होते. आपल्या घरातली चवळी त्यात होती. आठ दाणे पाठवले होते, त्यांना चार दिवसांत कोंब आले आणि पुढे पानंही फुटली. मुंबईच्या अॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. आणि हे सगळं सांभाळणाऱ्या संगणकात एक नवा प्रोसेसर बसवला होता, विक्रम ३२०१. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीबरोबर तो तयार केला, आणि तो बनला इथे, मोहालीत, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने. आपल्या मोबाईलमधल्या चिप याहून कितीतरी बारीक तंत्राने बनतात. पण रॉकेटला रील बघायचे नसतात. त्याला उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत न डगमगणारी चिप लागते. ही चिप अवकाशात पहिल्यांदा तपासली गेली ती त्याच मोहिमेत. ५ मार्च २०२५ रोजी तिची पहिली खेप इस्रोच्या हाती दिली. बघा, आधी वर तपासली गेली, मग हाती दिली. पहलां वेख, फेर चला.

या लॅबोरेटरीला थांबणं म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९८४ मध्ये इथे चिप बनायला लागल्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये आग लागली आणि कारखाना जळाला. मी १९९४ साली आलो तेव्हा चहाच्या टपरीवर लोक त्या आगीबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलायचे. पुन्हा उत्पादन सुरू व्हायला १९९७ उजाडलं. २००६ मध्ये ती अवकाश विभागाकडे गेली. २००९ पासून आपल्या रॉकेटमध्ये विक्रम १६०१ हा सोळा बिटचा प्रोसेसर आहे, आणि २०१६ पासून तो इथेच बनतो. आता बत्तीस बिटचा. ते थांबणं कुणी ठरवून केलेलं नव्हतं, ते नशिबी आलं. पण त्यानंतर एकेक पायरी चढत ही जागा पुन्हा उभी राहिली, हे मी इथे राहून पाहिलं आहे.

शेवटची गोष्ट. १३ मार्चला दोन्ही उपग्रह सुटे केले. २० एप्रिलला पुन्हा जोडले, आणि दुसऱ्या दिवशी एकाकडून दुसऱ्याला वीजही देऊन पाहिली. या दुसऱ्या वेळी पंधरा मीटरपासून जोडणीपर्यंत सगळं यानांनी आपलं आपण केलं. पहिल्या वेळी तीन मीटरवर माणसांनी मुद्दाम थांबवलं होतं, तो थांबा या वेळी काढून टाकला.

ही बातमी मी मुलीला पाठवली. खाली फक्त एवढंच लिहिलं, 'बल्ब काढला.' तिने हसण्याचं चित्र पाठवलं. मग थोड्या वेळाने लिहिलं, 'बाबा, ते चाळीस कंट्रोलर तीन महिने नीट चालू आहेत. मी आजच विचारून घेतलं.' म्हणजे तिच्याही मनातून ते गेलं नव्हतं. जाऊही नये.

तुमच्यापैकी कुणी नवीन दुकान टाकत असेल, कुणी पहिलं ऑपरेशन करणार असेल, कुणी पोराला पहिल्यांदा गाडीची चावी देणार असेल. पहिल्यांदा वीज देताना बल्ब लावा. तो पेटला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आणि मंद झाला की काढायलाही विसरू नका, नाहीतर आयुष्यभर सगळं मंदच चालेल.

माझी ती फळी अजून माझ्याकडे आहे. उस्तादजी गेले, पण फळी आहे. शंभर वॅटचे दोन जुने बल्बही जपून ठेवलेत.